जीप भरेपर्यंतचा सिनेमा

सोमवार, २० जानेवारी २०२५, सकाळी सात वाजून बारा मिनिटे. जव्हारच्या स्टँडबाहेर मोखाड्याची जीप उभी होती. आत मी धरून चार माणसे होती आणि चालकदादांनी नेहमीप्रमाणे सांगून टाकले होते, "आत्ता निघतोय." या 'आत्ता'ची सरासरी तोवर माझ्या वहीत एकतीस मिनिटे भरत होती. जीप घड्याळावर सुटत नाही, भरल्यावर सुटते.

सूर्यमाळच्या आसपासच्या झऱ्यांचे आणि विहिरींचे पाणी तपासण्याच्या एका प्रकल्पात मी त्या वर्षी काम करत होते. जव्हारला खोली घेतली होती. पीएच.डी.साठी बाहेर अर्ज केले होते, त्यामुळे वाया जाणाऱ्या प्रत्येक अर्ध्या तासाचा मला राग येई. वळणांवर शोधनिबंध वाचता येत नाहीत, अक्षरे उड्या मारतात. चित्रपट मात्र अधूनमधून डोळे मिटून ऐकताही येतो. गाव सुटले की रेंज जाते, म्हणून जे काही पाहायचे ते आदल्या संध्याकाळीच फोनमध्ये उतरवून ठेवावे लागे आणि निवड चुकली तर ती सबंध दिवस सोसावी लागे.

म्हणून मी निवडीचे निकष ठरवले होते. अॅप सांगते की हा चित्रपट तुम्हाला सत्त्याण्णव टक्के आवडेल. कोणत्या नमुन्यावरून, ते सांगत नाही. तो आकडा मी सोडून दिला. 'पहिले तीन भाग सहन कर, मग पकड घेते' असे सांगणाऱ्या मैत्रिणींच्या शिफारशीही सोडल्या. अंधारात घडणाऱ्या मालिका बाद, कारण जीपमधल्या उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. उरत त्या बहुधा तपासाच्या, गुन्ह्याच्या कथा. काय पाहिले, किती मिनिटे, कुठे थांबवले, हे सगळे वहीत लिहीत असे.

त्या सोमवारी शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले, "मॅडम, काय लावलंय?"

त्या जामसरच्या. मोखाड्याच्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून रोज जात. वय पस्तिशीच्या आसपास, मांडीवर डब्याची पिशवी, केसांना चापूनचोपून तेल. मी इअरफोनची एक बाजू त्यांना दिली. फोनमध्ये अपवादाने एक मराठी चित्रपट होता. पुण्यातले एक कुटुंब दिवाणखान्यात बसून दोन तास बोलत राहते, इतकेच त्याचे कथानक. मला तो कंटाळवाणा वाटला होता. बाई मात्र मान न हलवता पाहत राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "जरा मागं घ्या ना."

मी मागे घेतला. सासू सुनेला चहाबद्दल काहीतरी विचारते, एवढाच प्रसंग. त्यांनी तो तीनदा पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चित्रपट मागितला. त्या दिवशी सात वेळा मागे घेतला. मी वहीत 'मागे घेतले' असा नवा स्तंभ आखला.

त्याच दिवशी मला संशय येऊ लागला. एकच प्रसंग कुणी सात वेळा का पाहील? माझ्यापुढे तीन शक्यता होत्या. पहिली, त्यांना त्या कानाने कमी ऐकू येत असावे. मी इअरफोनच्या बाजू बदलल्या, फरक पडला नाही. दुसरी, फोन उघडण्याची माझी खूण त्या पाहून ठेवत असाव्यात. मी फोन पदराआड धरून उघडू लागले. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. तिसरी शक्यता मला सुचायला दहा दिवस लागले. पाहताना त्यांचे ओठ हलत. आणि मी बोलले की माझ्या वाक्यानंतरही हलत.

एकदा मोखाड्याला उतरल्यावर मी मागे राहिले होते. त्या भाजीवालीशी बोलत होत्या. "मला असं वाटतं की ही भाजी तितकीशी ताजी नाहीये." शब्द माझे, सूर माझा, 'मला असं वाटतं की'नंतरचा तो छोटा थांबाही माझाच. भाजीवाली तोंडाला पदर लावून हसली. "अगो बाय, मॅडम झालीस की तू!" बाईही हसल्या.

सिद्ध झाले, असे मी मानले. दहा दिवस शेजारी बसवून मी त्यांना माझीच नक्कल करून हसण्याचे साहित्य पुरवत होते.

पुढच्या सोमवारी मी बर्फाळ प्रदेशातल्या, नाव उच्चारता येऊ नये अशा भाषेतल्या एका मालिकेचे सहा भाग भरून आणले. खाली इंग्रजी अक्षरे. बाईंनी दहा मिनिटे ऐकले आणि इअरफोन परत केला. मंगळवारी तेच. बुधवारी त्यांनी मागितलाच नाही. खिडकीबाहेर पाहत बसल्या. मी तीन भाग शांतपणे पाहिले. त्यात काय घडले ते आज एका वाक्यातही सांगता येणार नाही.

गुरुवारी त्याच म्हणाल्या, "मॅडम, मराठी संपलं का तुमचं?"

"का?"

"सोमवारी ठान्याला बोलावलंय. इंटरव्ह्यूला." मग माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितले. एका संस्थेत पाड्यांवरच्या बायकांना बाळंतपणाची, बाळाच्या आहाराची माहिती देणाऱ्या प्रशिक्षिकेची जागा होती. बारा वर्षे त्या हेच काम दवाखान्यात जादाचे म्हणून करत आल्या होत्या. "मागच्या वर्षी पन गेलते. कामाचं काही विचारलंच नाही. मी बोलले की म्हनायचे, पुन्हा सांगा. चारदा. बाळंतपन म्हटलं, पुन्हा सांगा. पानी उकळून, म्हटलं, पुन्हा सांगा. मग मी गप्पच झाले. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, मराठी साळंत शिकलेली. तुमच्यासारखं या जीपमध्ये कोन बोलतं? म्हनून तुमचं ऐकत होते. भाजीवालीवर करून बघितलं, तर हसली ना ती!"

मी हिशेब मांडला. तीन सकाळी मी बर्फात घालवल्या होत्या आणि त्यांच्या हातात तीनच उरल्या होत्या, गुरुवार धरून.

दिवाणखान्याचा चित्रपट मी पुसलेला नव्हता. संध्याकाळी आणखी दोन उतरवले आणि निवडीचे निकष पार बदलले. कथानक कसेही असो, माणसे एकेक करून बोलायला हवीत, मागे संगीत नको, कुणीतरी स्वतःची ओळख करून द्यायला हवी, कुणीतरी न भांडता नकार द्यायला हवा. शुक्रवारी आम्ही इअरफोन काढूनच टाकला. "पाणी," मी म्हणे. "पानी," त्या म्हणत. मागच्या बाकावरूनही दोघेतिघे म्हणू लागले.

"आवाज वाढवा की मॅडम," चालकदादा म्हणाले, "आम्हाला पन इंटरव्ह्यू द्यायचाय."

"तुम्ही आधी 'आत्ता' म्हणजे किती ते शिका," बाई म्हणाल्या. अगदी दिवाणखान्यातल्या सासूच्या सुरात. सगळी जीप हसली.

शनिवारी त्यांचा 'ण' निर्दोष झाला आणि मला वेगळीच शंका आली. जामसरच्या बायकांपुढे या असेच बोलू लागल्या तर ऐकणार कोण? मी तसे विचारले.

"तिथं गेल्यावर आपलं बोलेन की," त्या म्हणाल्या. "हे नुसतं दारातून आत जान्यापुरतं."

सोमवारी मी सूर्यमाळला झऱ्याचे नमुने घेत होते. तिथे एका चढावर उभे राहिले तरच रेंज मिळते. दुपारी दोनच्या सुमारास मी बाटल्या खाली ठेवून तिसऱ्यांदा त्या चढावर गेले, तेव्हा बाईंना फोन लागला.

"किती वेळा?" मी विचारले. नमस्कारही केला नाही.

"एकदा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पन ते मी म्हटलं, मॅडम! एक साहेब इतका भरभर बोलत होता, मला काहीच समजलं नाही. आधी वाटलं, मान हलवावी. मग म्हटलं, सर, पुन्हा सांगा."

"मग?"

"मग सांगितलं की त्यांनी. हळू सांगितलं."

निकाल आठ दिवसांत कळवतो असे त्यांना सांगण्यात आले होते. 'कळवतो' या शब्दावर 'आत्ता'इतकाच माझा विश्वास आहे, पण ते मी फोनवर बोलले नाही. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, वही उघडली, 'मागे घेतले' या शीर्षकावर रेघ मारली, शेजारी नवे शीर्षक लिहिले आणि त्याखाली त्या दिवसाचा आकडा भरला.

पुन्हा सांगा : १