चौथी रिंग

सकाळी साडेसहाला आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. हे आंघोळीला गेलेले असतात, सासूबाई खिडकीत बसून गल्लीतून कोण कधी निघालं याची मनातल्या मनात हजेरी घेतात आणि मी डब्याच्या मागे असते. त्या दिवशी भाजीला जेमतेम वाफ आली होती, तेवढ्यात दार वाजलं. बेल असूनही कुणीतरी तळहातानं दार थापटत होतं.

दारात सायलेन्सरभाऊ. गल्लीच्या टोकाला त्यांचं गॅरेज. डिझेल गाड्यांतला माणूस, सत्तावीस वर्षं तेच काम. सायलेन्सर हे नाव त्यांच्या बायकोनंच ठेवलेलं. ‘ह्यांच्या तोंडून तिसरा शब्द काढायचा तर पाना लावावा लागतो,’ असं ती चारचौघांत म्हणायची आणि भाऊ खाली मान घालून नट पुसत बसायचे. मागच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं मी पाहिलं नव्हतं. गॅरेज मात्र वेळेवर उघडायचं आणि वेळेवर बंद व्हायचं.

“वहिनी, गाडी निघाली नाही ना?”

“नाही. हे आंघोळीला गेलेत. का हो?”

“चावी द्या. फिल्टर परत खोलायचाय.”

आदल्या संध्याकाळीच त्यांनी आमच्या पिकअपचा डिझेल फिल्टर बदलला होता. हे खिडक्यांच्या काचा पोचवतात. गाडीत काचा उभ्या बांधून तयार होत्या आणि सकाळी आठला डोंगरावरच्या नव्या इमारतीत पोचायचं होतं.

“कालच तर बदललास की रे,” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. “एका रात्रीत जुना झाला?”

“नाही आजी. माझंच चुकलंय बहुतेक.”

सासूबाई गप्प झाल्या, ही आमच्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट. मी गॅस बंद केला आणि चावी घेऊन भाऊंबरोबर खाली गेले.

त्यांची एक पद्धत आहे. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग ते भिंतीतल्या खिळ्याला अडकवतात आणि सकाळी खिळ्यावरच्या सगळ्या रिंगा कात्रीनं कापून टाकतात, म्हणजे चुकून कुणी जुनी रिंग पुन्हा वापरू नये. काल त्यांनी चार गाड्यांचे फिल्टर बदलले. आज कापायला घेतल्या तर खिळ्यावर तीनच रिंगा.

“चौथी कुठे असेल?” मी विचारलं.

“वर गाडीलाच चिकटून राहिली असेल. तिच्यावर नवी बसली. अशी गाडी सुरू होते, चार-पाच किलोमीटर नीट चालते. चढाला जोर लागला की मधून हवा ओढते आणि बंद पडते. चारांपैकी तुमची गाडी सगळ्यांत आधी निघते, म्हणून आधी इथे आलो.”

हे सगळं ते एखादी यादी वाचावी तसं म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो चढ आला, उभ्या बांधलेल्या काचा आल्या आणि स्टिअरिंगवर बसलेले हे आले.

त्यांनी बॉनेट उघडलं. खाली पत्र्याचा ट्रे ठेवला, पट्ट्याचा पाना लावून फिल्टर सैल केला आणि हातानं फिरवत उतरवला. डिझेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. फिल्टरवर नवी रिंग जागच्या जागी होती. मग त्यांनी फिल्टर बसतो त्या जागेच्या खालच्या अंगाला बोट घातलं आणि गोल फिरवलं. थांबून पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं बोट घातलं.

“आहे का?”

त्यांनी पुन्हा पहिलं बोट घातलं.

“बॅटरी आणू? आरसा?”

“तिथे आरसा मावत नाही. ते हातालाच कळावं लागतं.” त्यांनी बोट बाहेर काढलं. “मला कळत नाहीये.”

मला आधी वाटलं, रिंगेबद्दल बोलतायत. मग त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. भाजल्याचा ताजा फोड होता, फुटून त्यात काजळी बसली होती. विचारलं, तर त्यांनी अंगठा वळवून असा पाहिला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. फोड कधी आला हे त्यांना माहीत नव्हतं.

“वहिनी, तुमचं बोट फिरवून सांगता? कडा गुळगुळीत लागली पाहिजे. मऊ काही लागायला नको.”

मी बांगड्या वर सारल्या आणि हात घातला. आत थंड, बुळबुळीत. पहिल्यांदा सगळं सारखंच वाटलं. दुसऱ्या फेरीला कडेवर रबर लागलं, नखानं दाबलं तर दबलं. “आहे,” मी म्हणाले. “पुरी गोल आहे.”

त्यांनी मान हलवली. लहान पेचकसानं रिंग उचकटली, ती तुकड्यातुकड्यांनी ट्रेमध्ये पडली. जागा फडक्यानं पुसली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा बोट फिरवलं. आता नुसतं लोखंड. तेव्हा कुठे त्यांनी नव्या रिंगेला डिझेलचा हात लावला, फिल्टर चढवला, टेकल्यावर पाऊण फेरा आवळला. वरचा हातपंप दाबत राहिले. तो कडक होईतो दाबायचा असतो, म्हणजे आतली हवा निघाली. ते त्यांना कळत होतं. तिथे बोटांचं नाही, खांद्याचं काम.

तेवढ्यात हे केस पुसत खाली आले. “काय सायलेन्सर, सकाळी सकाळी माझ्या गाडीशी गप्पा? आमच्याशी तर बोलत नाहीस!”

“रिंग राहिली होती. माझी चूक. आता गाडी अर्धा तास चालू ठेव, मगच निघ.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात डिझेलनं काळे झाले होते. हे गाडीत बसले आणि चावी फिरवली. इंजिन जरा खोकलं आणि लागलं. भाऊ ट्रे उचलून नळापाशी आले. मी साबण दिला. आम्ही दोघं हात धूत होतो.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“सहा-सात महिने. शुगरमुळे. आधी वाटलं, ही गेल्यामुळे असेल. सगळंच असं झालं होतं. कुठून काय सुरू झालं, कळलं नाही.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“गेल्या महिन्यात गेलो होतो. डोळे मिटायला लावले, बोटांना पिन टोचली, कळलं का म्हणून विचारलं. मी दर वेळी हो म्हणालो. एकदा तर टोचायच्या आधीच हो म्हणालो. ते कागदावर लिहीत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही.”

“असं का केलंत हो?”

“नाही म्हटलं, तर काम सोडा म्हणतील. मला दुसरं काही येत नाही वहिनी. घरी बसून काय करू?”

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला, पण थेंब पडतच राहिले. तो पुरता आवळला गेलेला नाही हे त्यांनी हातानं नाही, डोळ्यांनी पाहिलं आणि पुन्हा आवळला.

“उद्या दहाला परत बोलावलंय,” ते म्हणाले. “तुम्ही बरोबर या. मी खोटं हो म्हणालो, तर डॉक्टरांना सांगा.”