नसलेला चहा

मी धुळ्याच्या मनोरुग्णांच्या बंद वॉर्डात शिकायला जातो. तिथल्या एका आबांच्या बोटाला चिमटा लावला, की पडद्यावर त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ उमटते. श्वास लांबवून ती संथ ठेवायची, एवढाच सराव. मी म्हणतो, "चार मोजा, सहा मोजा." आबा मात्र हातात नसलेली बशी धरून नसलेला चहा फुंकतात आणि रेघ संथ होते.

परवा कॉलेजातले सर वॉर्डातच माझी परीक्षा घ्यायला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच; भीतीने मी चारनंतर एकदम नऊ मोजले. आबांनी आपला चिमटा काढून माझ्या बोटाला लावला. रेघ नुसती उड्या मारू लागली.

"फुक रे भाऊ, चहा गरम शे."

मी फुंकला. रेघ हळूहळू निवळली. सरही हसले.

दाराच्या कुलुपाकडे बघत आबा म्हणाले, "आते मन्हा आधी तुलेच सुट्टी भेटी."