दुसऱ्या भागातला बूट

सिनेमात कुणी चप्पल फरफटवत चालतं, कुणाच्या कानाखाली आवाज निघतो, कुणी घाईघाईनं कुलूप उघडतं. त्यातला बहुतेक आवाज त्या माणसाचा नसतोच. शूटिंगच्या वेळी नटाचं बोलणं तेवढं नीट टिपतात. बाकीची सगळी खुडबुड नंतर एका बंद खोलीत, समोर चित्र चालू ठेवून, दुसरंच कुणीतरी करत असतं. आपली बाई हेच काम करायची. स्टुडिओत तिला सगळे खुडबुडमावशी म्हणत आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तिची खोली बघून नवखा माणूस चक्रावून जाई. कुठेही न पोचणारा लाकडी जिना, भिंत नसलेलं दार, वाळूनं भरलेली परात, आणि कोपऱ्यात बुटांचा असा ढीग, की जणू आत मोठं लग्नच चाललंय. थप्पड हवी असली की मावशी ओला टॉवेल आपल्याच मांडीवर हाणायची. एखाद्या सिनेमात व्हिलनला फार मार बसला, तर घरी आल्यावर मांडीला मलम लावत बसायची.

हे काम ती आणि तिचा नवरा, दोघं मिळून करत. त्या दोघांचं नाव झालं ते एका विनोदी सिनेमामुळे. त्यात एक चिडका घरमालक भाडेकरूंना दम द्यायला निघतो आणि स्वतःच्याच जिन्यावरून गडगडत खाली येतो. ते कोपर, ते ढुंगण, ती शेवटची धप्प, सगळं मावशीचं. मग क्षणभर शांतता. पडद्यावर फक्त घरमालकाचा चेहरा, जमिनीवर आडवा, डोळे वर लागलेले. आणि वरून त्याचा निसटलेला एक बूट, घाई नाही, गडबड नाही, एकेक पायरी उतरत येतो. टप. टप. टप. येतो आणि त्याच्या गालाशी थांबतो. तो बूट नवऱ्याचा. पडण्याला लोक हसले, पण बुटाला त्यांची मुरकुंडी वळली.

नवरा आता नव्हता. दोन वर्षं झाली होती. मावशी एकटीच खुडबुड करायची, पण तिचं मन त्यात नव्हतं, आणि ते तिच्या आवाजांत ऐकू यायला लागलं होतं.

अशात त्या सिनेमाचा दुसरा भाग निघाला. दुसऱ्या भागांवर मावशीचा राग जुना. एकही चुकवायची नाही आणि एकालाही चांगलं म्हणायची नाही. "एकदा हसलेल्या माणसाला परत त्याच जागी गुदगुल्या करायला गेलं, की तो हात झटकतो," हे तिचं ठरलेलं बोलणं. पण नवा दिग्दर्शक दारात येऊन उभा राहिला. पहिला सिनेमा पाहिला तेव्हा हा शाळेत होता.

"मावशी, घरमालक परत पडतो. त्याच जिन्यावरून. मला तोच बूट पाहिजे."

"मग जुनाच लाव की."

"जुन्यात संगीत मिसळलंय. वेगळा निघत नाही."

दुसरं काही असतं तर मावशीनं त्याला वाटेला लावलं असतं. पण बूट नवऱ्याचा होता. तो दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देणं तिच्या जिवावर आलं. तिनं हो म्हटलं आणि घरी येऊन नणंदेला सांगून टाकलं, "हा बूट जमला तर काम चालू ठेवीन. नाही जमला तर खोली सोडते आणि लेकाकडे जाऊन कुंड्यांना पाणी घालते."

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि भाऊ गेल्यापासून वहिनीकडेच राहायला आलेली. नाकावर माशी बसू द्यायची नाही. शाळेत हिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. वर्गासमोर हसू आलं की ती श्वास कोंडून धरायची आणि पुतळ्यासारखी गोठून जायची, हसू जिरेपर्यंत. त्या सवयीनं ती घरातही तशीच राहिली होती. दोघींचं सूत मजेशीर होतं. वहिनी खुशीत असली की नणंदेला "तू" म्हणायची, आणि बिनसलं की "वन्सं, तुम्ही".

दुसऱ्या दिवशी नणंद हाताखाली म्हणून बरोबर आली. मावशीनं कानाला हेडफोन लावून जुना बूट ऐकला, परत ऐकला, आणि टाच आधी, मग चवडा, मधे तेवढीच उसंत, असा हुबेहूब वठवला. रेकॉर्डिस्टनं लावून दाखवला.

"अगदी तोच, मावशी," दिग्दर्शक म्हणाला. म्हणताना तो हसला मात्र नाही. कुणीच हसलं नाही.

बूट बदलला. पायरीवर कापड घातलं, काढलं. दुपार उलटून गेली. बूट दर वेळी बरोबर यायचा आणि दर वेळी मेलेला यायचा. शेवटी मावशी पायरीवर मटकन बसली.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं. ते कसे थांबायचे, ते त्यांनाच माहीत."

"बूट आण इकडे," नणंद म्हणाली. "तू नुसती पड. बघू दे मला."

"वन्सं, तुम्हाला काय खडू आपटायचाय फळ्यावर? टाच आधी पडायला हवी."

"कळतं मला."

चित्र सुरू झालं. मावशीनं कोपरं आपटली, गादीवर कंबर टाकली, शेवटची धप्प दिली. नणंदेनं बूट उचलला. टप. टप. आणि तिनं पडद्याकडे पाहिलं. म्हातारा झालेला घरमालक जमिनीवर पडून, बिचाऱ्यासारखा, आपल्या बुटाची वाट बघत होता. मुख्याध्यापिकाबाईंना हसू आलं. आलं तशी त्यांनी श्वास कोंडला आणि त्या गोठल्या. बूट हवेत, हात हवेत.

खोलीत चिडीचूप. पडद्यावर घरमालक डोळ्यांची उघडझाप करतोय. बूट येईना. तो जरा मान उंचावतो. बूट येईना. काचेपलीकडून आधी रेकॉर्डिस्ट फस्सकन हसला, मग दिग्दर्शक. तेवढ्यात पडद्यावरचा बूट मुक्यानंच गालाशी येऊन पडला आणि सगळी मजा गेली.

"चुकलं माझं," नणंद म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"चुकलं नाही, बाई!" दिग्दर्शक आत धावत आला. "बूट यायलाच नको! शूटिंगला एकदा बूट टाकणारा झोपला होता. आमचे घरमालक वाट बघून बघून कंटाळले आणि तसेच उठून चालते झाले. आम्ही तो तुकडा टाकून दिलाय. उद्या आणतो."

आणला. त्यात घरमालक वाट बघतो, उसासा टाकतो, उठतो, कोट झटकतो आणि एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशा ऐटीत भाडेकरूंना दम द्यायला निघतो.

ती चाल आता मावशीनं चालायची होती. तिनं एका पायात बूट चढवला, दुसरा पाय फरशीवर मोकळा ठेवला. टक, थप. टक, थप. चालता चालता तिला नवऱ्याची अशी आठवण आली की डोळे भरून समोरचं चित्र दिसेना. दोन वर्षं ती जिन्याखाली वाट बघत होती आणि तो बूट काही येणार नव्हता. हे तिला माहीत होतं, पण पटलं ते त्या क्षणी. तरी चाल चुकली नाही. घरमालक ऐटीत चालत होता, म्हणून तीही ऐटीत चालली. बाहेर रेकॉर्डिस्ट पोट धरून हसत होता, आणि गालावर पाणी ओघळत असताना मावशीलाही हसू फुटलं.

सिनेमा लागला तेव्हा दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. घरमालक पडला, लोक हसले. मग शांतता झाली. टप. टप. पहिला भाग पाहिलेल्यांना पुढचं ठाऊक होतं. ते आधीच हसायच्या तयारीत बसले होते. बूट थांबला. सगळं थेटर गप्प. मावशीची पाचावर धारण बसली. तिनं नणंदेचा हात घट्ट धरला.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग शेजारचा. घरमालकानं मान उंचावली आणि हसणं रांगांमागून रांगा पुढे सरकलं. तो एका बुटानं चालायला लागला, टक, थप, टक, थप, तेव्हा माणसं खुर्च्यांवरून घसरायची बाकी राहिली होती.

नणंद कानाशी वाकली. "वहिनी, पहिल्याच्या तोडीचं झालं का गं?"

"तू गप्प बस जरा," मावशी म्हणाली. "लोक हसतायत. मला ऐकू दे."