अध्यक्षांच्या खुर्चीतल्या काकू

देशोदेशीच्या कलावंतांशी मैत्री जोडायची म्हणून शंभरएक वर्षांपूर्वी निघालेल्या त्या क्लबात काकू चहापाणी बघायच्या. नवरा गेल्यावर आल्या त्या पोटासाठी. पुढे घरी करमेनासं झालं, तशा सुट्टीच्या दिवशीही येऊ लागल्या. सून म्हणायची, "आई, अंथरूणच न्या ना तिकडे!"

क्लबाची एक रीत होती. परदेशातून आलेल्या चित्रकाराने पहिल्याच दिवशी अध्यक्षांचं चित्र काढायचं आणि ते जिन्यात लागायचं. दुसरी रीत काकूंना नोकरी लागतानाच बजावलेली: पाहुण्याला कशालाही नाही म्हणायचं नाही.

त्या दिवशी अध्यक्ष दाढ काढायला गेले ते तिकडेच अडकले. पाहुणा आला तर दारात काकू. त्याची भाषा काकूंना कळेना, काकूंची त्याला. पण कोट कुठे टांगायचा, उजेड कुठल्या खोलीत चांगला, सगळं त्यांनीच दाखवलं. येणारा-जाणारा मेंबरही काही ना काही विचारायला त्यांच्याकडेच यायचा. पाहुण्याची खात्रीच पटली की अध्यक्ष त्या ह्याच. त्याने मोठ्या खुर्चीकडे हात केला. काकू बसल्या. नाही म्हणायची सोय होती कुठे?

अध्यक्ष सुजलेला गाल घेऊन पोचले तोवर चित्र पुरं झालं होतं. काकू ताडकन उठल्या. चिटणीसबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय करून बसलात?"

काकूंच्या मनात आलं, ही नोकरी गेली तर सून दोन घास घालेल, पण दिवस कुणाच्या सोबतीने काढायचा?

अध्यक्षांसोबत आलेल्या दुभाष्याने पाहुण्याला चूक समजावली. तो खो खो हसत म्हणाला, "माझं स्वागत यांनी केलं. अध्यक्ष नसतील तर आता करून टाका!"

सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. त्यांनी गाल दाबत कसेबसे शब्द काढले, "माझं थोबाड बघून तो जिनाही कंटाळलाय. लावा हेच." मग काकूंकडे वळले. "इतकी वर्षं तुमच्या हातचा चहा पितोय, पण तुम्हाला बसा म्हणायचं कधी सुचलं नाही. आभार मानायला हवेत या पाहुण्याचे."

काकूंना रडू आवरेना. या माणसांचे उपकार कसे फेडायचे, तेच त्यांना कळेना.

चित्राखाली नाव आणि हुद्दा लिहायचा असे. चिटणीसबाईंनी मवाळ आवाजात विचारलं, "काकू, खाली काय लिहू?"

काकूंनी डोळे पुसले, जरा विचार केला.

"इथलीच, असं लिहा."