भोक नसलेली पोती

ती चोरी आठवली की आजही माझीच मला लाज वाटते, आणि शेवट आठवला की बरंही वाटतं.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. शिकवण्यांसाठी गावोगावची मुलं लातुरात खोल्या शोधत होती. मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका डाळमिलच्या गोदामातून तूरडाळीची पोती चोरीला गेली. तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला की नायगावजवळ पोत्यांनी भरलेला टेम्पो बेवारस उभा आहे. आम्ही तो तसाच ठाण्याच्या आवारात आणून लावला.

मिलच्या सुपरवायझरने हमालांकडे बोट दाखवलं. मिलमध्ये नुकतीच फोर्कलिफ्ट आली होती. पोती शिवली की थेट लाकडी फळ्यांच्या पॅलेटवर सरकवून रचायची; मग यंत्र आपले दोन लोखंडी दांडे खाली घालून सगळी रास उचलायचं. हमालांचं निम्मं काम गेलं होतं. राग निघणारच, हे मलाही पटलं. हमालांच्या मुकादमाचा बिल्ला काढून घेतला आणि त्याला सकाळपासून बाकावर बसवलं.

“यंत्रावर राग होता ना?” मी दरडावलं.

“राग कशाचा, साहेब? भूकंपात माळवदाखाली माझा भाऊ दबला हुता. दगडं उचलून बोटं सोलली, तरी न्हाई निघाला. क्रेन आली, तवा जित्ता निघाला.” मग हळूच म्हणाला, “बिल्ला तेवढा ठिवून घेऊ नका. त्याच्याबिगर काम न्हाई. लेक बारावीला हाय.”

मी त्याला चहाला बाहेर नेलं. टेम्पोपाशी तो थबकला. “साहेब, ही आमच्या हातची न्हाईत. एकाबी पोत्याला आमच्या लोखंडी आकड्याचं भोक न्हाई.”

मी आणखी दोन हमाल बोलावले. काही न सांगता शेजारच्या दुकानातली पोती उचलायला लावली. दोघांचेही आकडे आपोआप पोत्याच्या कोपऱ्यात रुतले. मग मी टेम्पोत चढलो. पोत्यांखाली पॅलेट होते. पंचनामा उरकायच्या घाईत ते मला दिसलेच नव्हते.

म्हणजे माल यंत्राने चढवला होता. चोरीच्या दिवशी फोर्कलिफ्टचा चालक रजेवर होता आणि चावी सुपरवायझरकडे होती. दुसऱ्याच प्रश्नाला त्याला घाम फुटला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं.

बिल्ला मी माझ्या हाताने मुकादमाच्या शर्टाला लावला आणि माफी मागितली. खात्यात असं कुणी करत नाही.

राग मुकादमाच्या मनात नव्हता, माझ्या डोक्यात होता. तेव्हापासून मी आधी मुद्देमाल बघायचो, मग माणूस.

पुढे मिलच्या मालकाने हमालांनाच यंत्र शिकवलं. बदली होऊन नांदेडला निघालो, तेव्हा मुद्दाम गोदामात डोकावलो. मुकादम फोर्कलिफ्टवर बसला होता, लेक कॉलेजात गेल्याचं त्याने वरूनच सांगितलं. उचललेल्या पोत्यांच्या राशीपुढे एक लंगडा माणूस हाताने इशारे करत उभा होता.

“ह्योच माझा भाऊ,” मुकादम म्हणाला.

“हळू उतरव, दादा,” भाऊ म्हणाला. “खाली माणूस हाय.”