गुरुपादप्पांची कॉन्टेसा आणि माहूरचं वळण

अहमदपुरात गुरुपादप्पांचं घर विचारलं तर कोणी गल्लीचं नाव सांगत नाही. "लांब बॉनेटची गाडी उभी दिसली की थांबा," एवढंच सांगतात. मी त्यांचा शेजारी. माझ्या घराचाही पत्ता तोच, कारण त्या गाडीची डिकी माझ्या फाटकासमोर येते. वीसेक वर्षं मी माझी स्कूटर तिरकी करून बाहेर काढतोय. एकदा वैतागून बोललो, तर अप्पा म्हणाले, "सर, गाडी बरोबर हाय. गल्ली आखूड बांधली, तेला मी काय करू?"

अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी आणि बोटाच्या पेराला कायमचा घट्टा. हा घट्टा भांडी वाजवून वाजवून पडलेला. भांडं आधी तोलायचं, मग पेरानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि मगच घ्यायचं, हा त्यांचा धंद्याचा नेम. मुलगी बघायला गेले तेव्हा तिथल्या तांब्यालाही टिचकी मारली होती, असं शांतम्माक्का सांगतात. शांतम्माक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. तांब्या चांगला वाजला म्हणून लग्न जमलं, हे वर त्याच सांगतात.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. नांदेडच्या एका निवृत्त साहेबाकडून अप्पांनी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती. रंग मोरपंखी. समोरून बघितली तर रस्त्यावर आपण उगाच उभे आहोत असं वाटावं असा रुबाब. पण आत इंजिन दीड लिटरचं, आणि तेही वयानं थकलेलं. एवढ्या मोठ्या देहाला ते बिचारं कसंबसं ओढायचं. सपाटीला ठीक. चढ आला की अप्पा पहिला गिअर टाकून पुढं झुकत, जणू काही त्यांच्या छातीनंच गाडी ढकलली जाणार आहे.

गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी अप्पा शांतम्माक्कांना आणि घरच्या मंडळींना माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला घेऊन गेले. डोंगराच्या एका वळणावर गाडी मागं सरकायला लागली. अप्पांनी सगळ्यांना खाली उतरवलं, गाडी हलकी केली आणि एकटे वर निघून गेले. शांतम्माक्का नवी इरकल नेसून, हातात नारळ घेऊन उरलेला डोंगर पायी चढल्या. शेजारून भरलेली यष्टी गेली आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. वर पोचल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या, "गाडीतून आले, अन पायीच आले की." त्या दिवसापासून त्या कॉन्टेसात बसल्या नाहीत.

हा राग साधासुधा नव्हता. उदगीरला लग्न असलं की अप्पा कॉन्टेसातून निघत आणि अक्का यष्टीनं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर त्या आणखीच ठाम झाल्या. बहुतेक वेळा अक्काच आधी पोचत. मांडवात अप्पा घाम पुसत शिरले की त्या समोरूनच विचारत, "आले का? लई लवकर आले." पाहुणे हसत. अप्पाही हसत, पण मी त्यांच्या शेजारी बसलेला असे, मला दिसे. दुकानात शंभर माणसं त्यांना मान देत आणि ही एक बाई त्यांच्या गाडीत बसत नाही, हे त्यांना आत कुठं तरी खुपत होतं. मला त्यांची दया यायची. मग फाटकासमोरची डिकी आठवायची आणि दया कमी व्हायची.

यंदा त्या इंजिनानं कायमचा दम सोडला. पुण्याहून मुलगा उमाशंकर फोनवर म्हणाला, "अप्पा, भंगारात द्या. नाही तर परदेशातल्यासारखं आठ सिलिंडरचं टाका." अप्पांनी मला विचारलं, आठ सिलिंडर म्हणजे किती. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळं मला इंजिनातलं सगळं कळतं अशी त्यांची समजूत आहे. मी म्हटलं, "अहमदपूरच्या पंपावरचं सगळं पेट्रोल एका दिवसात संपेल एवढं." मुलाचा फोन त्यांनी तिथंच ठेवला.

मग एका रविवारी मला धरून ते नांदेडला मोईन मिस्त्रीकडे गेले. मोईन मिस्त्रींनी पोत्याखालून दोन इंजिनं काढली. दोन्ही याच गाडीच्या पुढच्या मॉडेलांतली. पहिलं एक पूर्णांक आठ लिटरचं पेट्रोल, दुसरं दोन लिटरचं डिझेल.

"यातलं मोठं कंचं?" अप्पांनी विचारलं.

"दो लिटरवाला," मिस्त्री म्हणाले.

"अन ताकद कुनाची जास्त?"

"ताकद छोटेवाले की."

अप्पांनी एकदा या इंजिनाकडे, एकदा त्या इंजिनाकडे पाहिलं. "म्हंजे मोठ्या डब्यात कमी माल?"

"वैसा नै अप्पा. ये पेट्रोल है, भागता. वो डिझेल है, खींचता. हल्लू खींचता, मगर छोडता नै."

मग मिस्त्रींनी घोडाशक्ती सांगितली. छोट्याची ऐंशीच्या वर, मोठ्याची पन्नाससाठ. अप्पांना एचपी हा हिशोब फक्त शेतातल्या मोटारीमुळं ठाऊक. त्यांनी डोळे विस्फारले. "माज्या बोरवर साडेसातची मोटार हाय, सर. ती पाच एकर भिजवती. ह्या पन्नासात तर शिरूर ताजबंदपस्तोर पानी जाईल. मग गाडी डोंगर का चढंना?"

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. चाक फिरवणारी ताकद वेगळी, वेग वेगळा, गिअर वेगळे. पेट्रोलचं इंजिनच का घ्यायचं, हे मी जमिनीवर खडूनं आकृती काढून दाखवलं. वर्गातली पोरं माझ्यासमोर जशी मान हलवतात तशी अप्पांनी मान हलवली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की डोक्यात काही शिरत नाही.

माझी आकृती ओलांडून ते शेजारच्या भंगारवाल्याकडे गेले आणि त्याच्या वजनकाट्यावर दोन्ही इंजिनं चढवायला सांगितली. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे बघायला लागलो. चेनकप्पीनं उचलून, चार माणसांनी धरून एकामागून एक इंजिनं काट्यावर ठेवली गेली. डिझेलचं चांगलंच जड निघालं. तेवढ्यावर अप्पा थांबले नाहीत. त्यांनी खाली वाकून पेरानं एका इंजिनाला टिचकी मारली, कान लावला, मग दुसऱ्याला मारली. बोट दुखलं असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"हेच घ्या," डिझेलवर हात ठेवून ते म्हणाले. "वजन हाय अन आवाज भरीव हाय. वजन खोटं बोलत न्हाई, सर."

मी चिडलो. दोन तास घसा कोरडा केला आणि निर्णय काट्यानं दिला! परतताना यष्टीत मी मुद्दाम अप्पांपासून लांबच्या सीटवर बसलो. तरी आरटीओत नोंद करायचे कागद शेवटी मीच करून दिले, हे वेगळं सांगायला नको.

गाडी तयार झाली. आवाज असा की सकाळी अप्पांनी चावी फिरवली की माझ्या स्वयंपाकघरातले डबे मांडणीवर पुढं सरकू लागले. पण अप्पा खूश होते. दुसऱ्या दिवशी अंगणात जाऊन ते घसा साफ करत उभे राहिले. मी फाटकाशीच होतो. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला एवढ्या मानानं काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

"माहूरला जाऊन यावं म्हनून राहिलो. गाडीतून. बसता का?"

अक्का तांदूळ निवडत होत्या. "बसते की," त्या म्हणाल्या.

अप्पांनी लगेच फडकं घेऊन बॉनेट पुसायला घेतलं. मला मात्र शंका आली. वीस वर्षांचा राग असा दोन शब्दांत उतरत नसतो.

निघताना अक्का तीच इरकल नेसून आल्या. पाय अनवाणी. "अक्का, चप्पल राहिली," मी म्हटलं. "देवीला चालले की, सर," एवढं बोलून त्या मागच्या सीटवर मधोमध बसल्या. अप्पा गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. आमच्या घरात नवस, देवदेव हा प्रकारच नाही. आम्ही बौद्ध माणसं. मी आलो ते डिझेल इंजिन डोंगरावर बंद पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून. हे अप्पांना सांगितलं नव्हतं.

भोकरला चहाला थांबलो तर गाडीभोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कितीचं इंजन?" अप्पा छाती काढून म्हणाले, "दोन लिटर." मग जरा थांबून, "वजनदार हाय," असं त्यांनी जोडलं. आतून अक्का म्हणाल्या, "चला आता, का इथंच मुक्काम?"

माहूरचा डोंगर लागला. अप्पांनी दुसरा गिअर टाकला आणि सवयीनं पुढं झुकले. इंजिन घरघरलं, दारं थरथरली, माझे दात वाजले, पण गाडी एका चालीनं वर चढत राहिली. एकही माणूस उतरला नाही. मी पदार्थविज्ञानाचा माणूस, खिडकीबाहेर बघत बसलो. अप्पा आरशातून सारखे मागं बघत होते. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या.

गाडी ते जुनं वळण चढली, आणि मागून आवाज आला, "थांबवा."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "का? चढून राहिली की! बघा, किती मस्त चढून राहिली!"

"म्हनूनच थांबवा. मला उतरायचंय."

गाडी थांबली. अक्का खाली उतरल्या, पदर खोचला आणि नारळ हातात घेतला. "तवाच बोलले होते देवीआईला," त्या म्हणाल्या. "ही गाडी ज्या दिवशी मला बसवून हे वळण चढंल, त्या दिवशी इथून वर अनवानी चालत येईन म्हनून."

ज्या गाडीत पाय ठेवायचा नाही असं ही बाई जगाला सांगत होती, त्याच गाडीसाठी तिनं देवीला साकडं घातलं होतं. मला एकदम भरून आलं. कारण काय ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

"मग मला कदी बोलले न्हाईत ते?" अप्पांनी कसंबसं विचारलं.

"नवस कुनी बोंबलत फिरतं का? अन राग होताच की. मी चालले तवा तुमी गाडीत बसून फुडं गेले."

"अवो, गाडी हलकी करायची होती..."

"मग तुमी उतरायचं. तुमीच तर सगळ्यात जड."

अप्पांनी इंजिन चालूच ठेवून हँडब्रेक ओढला, वहाणा काढून सीटखाली सरकवल्या आणि खाली उतरले. "सर, तुमी आना गाडी. आमच्या मागं मागं," एवढं सांगून ते अक्कांच्या शेजारी चालायला लागले. मला लायसन्स आहे, सराव नाही. मी पहिल्या गिअरात क्लच सोडला. मला खात्री होती की आता गाडी आचका देऊन बंद पडणार. पण ते जड धूड अक्कांच्या गुडघ्यांच्या चालीनं वर यायला लागलं, न रागावता. पेट्रोलचं इंजिन असतं तर एवढ्या हळू मला जमलं नसतं. अर्थात सपाट रस्त्याला मी अजूनही पेट्रोलच्याच बाजूचा आहे.

तेवढ्यात खालून यष्टी आली. पुन्हा तसंच, सगळ्या खिडक्यांत माणसं. पुढं इरकल नेसलेली बाई पायी, शेजारी धोतरातला नवरा अनवाणी आणि मागं माझ्या एकट्याच्या हातात घरघरणारी कॉन्टेसा. अप्पांना राहवेना. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि यष्टीला ओरडून सांगितलं, "बंद पडली न्हाई! चालू हाय! नवस हाय, नवस!" मागून एक जीप आली. तिच्या ड्रायव्हरनं गाडी हळू करून विचारलं, "काका, दोर हाय, ओढू का?"

"अरे, दोन लिटरचं इंजन हाय!" अप्पा त्याच्यावर उखडले. "सर, जरा रेस करून दावा तेला!"

मी रेस केली. डोंगर दणाणला. जीपवाला हसत निघून गेला. वरच्या वळणावर दुसरी यष्टी दिसली, तसे अप्पांनी परत हात वर केले. अक्कांनी त्यांचा एक हात धरून खाली ओढला.

"पुरं झालं," त्या म्हणाल्या. "जिला सांगायचं तिला ठाव हाय." आणि तो हात त्यांनी देवळाच्या पायऱ्या येईपर्यंत सोडला नाही.