ढाळमिस्त्रीने सांधा उघडला

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. लोक उठून नळ सोडायच्या आत टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, सडलेला पाइप कापायचा, नवा बसवायचा आणि पाणी चालू करायचं. उशीर झाला तर शिव्या. वेळेत झालं तर कुणाला कळतही नाही. मी गवंडी. त्याच्यासाठी भिंत फोडायची आणि त्याचं झालं की बुजवायची, हे माझं काम. त्यामुळे त्याचं काम भिंतीच्या आतून पाहिलेला माणूस मीच.

सगळे त्याला ढाळमिस्त्री म्हणायचे. सांडपाण्याच्या पाइपाला उतार नीट नसेल तर तो अख्खा पाइप उखडायला लावायचा. "पाण्याला अक्कल नसते," म्हणायचा. "ढाळ देऊन ती आपण घालायची. नाहीतर गेलेली घाण परत घरात येते." कामात मान खाली घालायची वेळ त्याच्यावर आलेली मी पाहिली नाही. ती घरी आली, तीही सुनेसमोर.

काम सोडल्यावर त्याची लघवी अडली. प्रोस्टेट वाढलं होतं. शस्त्रक्रियेला थांबावं लागणार होतं, म्हणून तोवर नळी घालून, पिशवी लावून त्याला घरी पाठवलं. निघताना वॉर्डातल्या सिस्टरने तो, त्याची बायको आणि सून अशा तिघांना समोर उभं करून बजावलं. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. हात साबणाने धुऊन मगच तिला हात लावायचा. रिकामी करायची ती खालच्या तोटीतूनच. पाणी भरपूर प्यायचं. आणि नळी व पिशवीचा सांधा, काही झालं तरी, उघडायचा नाही.

"हुडहुडी भरली, धाप लागली, काहीबाही बोलायला लागले, लघवी कमी झाली, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच आणायचं. ताप नसला तरी. अंग गार लागलं तरी. उद्या बघू म्हणायचं नाही."

"नळाचं मला शिकवता होय, सिस्टर?" मिस्त्री म्हणाला.

"हा नळ तुमच्या पोटात गेलाय, काका. इथे मिस्त्री आम्ही."

मुलगा लांब नोकरीला. बायकोला डोळ्यांनी कमी दिसतं. पिशवी रिकामी करायची ती सुनेनेच. ती घरी शिलाईकाम करते. मशीन थांबवून उठायची, हात धुवायची, काम करायची, परत हात धुऊन मशीनवर बसायची. तोवर मिस्त्रीचं तोंड भिंतीकडे. जन्मभर परक्यांची घाण हातांनी उपसली, पण स्वतःची सुनेच्या हाती देताना तो अर्धा व्हायचा. त्याने पाणी पिणं तोडलं. पिशवी कमी भरेल, पोरीला कमी उठावं लागेल. ही त्याची माया, आणि हाच त्याचा गाढवपणा.

मग व्याही भेटायला येणार असल्याचा निरोप आला. व्याही म्हणजे सुनेचे वडील. माणूस मनाने बरा, पण तोंडाला कुलूप नाही. त्याच्यासमोर मुताची पिशवी घेऊन बसायचं, या विचारानेच मिस्त्रीला घाम फुटला.

तो मोरीत गेला. दार लावलं. सांधा उघडला. असे किती सांधे त्याने उघडले आणि जोडले असतील, त्याला मोजदाद नव्हती. हत्यारांच्या पिशवीतलं एक बूच नळीत दाबून बसवलं. बसलंही चपखल. पिशवी मोरीतल्या खिळ्याला अडकवली आणि मांडीवर शाल घेऊन तो बाहेर येऊन बसला.

"काय व्याही, गळती थांबली का?" व्याह्यांनी आल्या आल्या विचारलं.

"गळत नव्हतं हो, तुंबलं होतं. गळती तुमच्या तोंडाला आहे."

सगळे हसले. व्याही रमले. गप्पा लांबल्या, दुसऱ्यांदा चहा झाला. मिस्त्रीचं ओटीपोट दगडासारखं झालं होतं, तरी तो हसून मान डोलवत होता. मध्येच सून कपबश्या धुवायला मोरीत गेली. खिळ्याला पिशवी एकटीच लोंबत होती. काय झालंय ते तिला कळलं. पण वडिलांसमोर सासऱ्याची लाज कशी काढायची? ती कपबश्या विसळून मुकाट्याने बाहेर आली.

पाहुणे गेल्यावर मिस्त्रीने बूच काढलं, हात पंचाला पुसले आणि सांधा परत जोडला. कुणाला पत्ता लागला नाही, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. मग तो म्हणाला, "पंखा बंद करा." पंखा बंदच होता. दात वाजायला लागले. बायकोने कपाळाला हात लावला. "ताप नाही, गारच आहेत. रात्री झोप नाही ना, म्हणून." तिने आणखी एक पांघरूण घातलं.

सून मशीनवरून उठून आली तेव्हा तो तिला म्हणाला, "आक्का, वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केलास का?"

आक्का त्याची थोरली बहीण. ती जाऊन कैक वर्षं झाली.

सुनेने पिशवी पाहिली. तळाशी थोडी लघवी, गढूळ. छाती भात्यासारखी चाललेली.

"आई, यांना आत्ता न्यायचं."

"अगं, संध्याकाळी बघू. जरा डोळा लागू दे."

"सिस्टर काय म्हणाली होती? उद्या नाही आणि संध्याकाळीही नाही. मी शेजाऱ्यांची गाडी आणते. तुम्ही चपला घाला."

दवाखान्यात त्याचा रक्तदाब पार खाली आला होता. डॉक्टरीण तरुण होती. तिचे हात चालू होते आणि तोंडही. तपासणीला रक्त घ्या, अँटिबायोटिक आत्ताच सुरू करा, सलाईन लावा, ऑक्सिजन द्या. मग घरच्यांकडे वळून म्हणाली, "सेप्सिस झालाय. जंतूंशी झगडताना शरीर स्वतःचेच अवयव निकामी करायला लागतं. नळी ओढली गेली होती का? सांधा उघडला होता?"

"छे हो!" बायको म्हणाली. "आमचे हे स्वतः नळवाले."

मिस्त्रीला मधूनमधून शुद्ध होती. त्याने ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

"उघडला होता," सून म्हणाली. "काल बराच वेळ नळीला बूच होतं. माझे वडील आले होते. मी पाहिलं, पण बोलले नाही. बाबांना वाईट वाटेल म्हणून."

"म्हणजे लघवी तुंबूनही राहिली." डॉक्टरीण रागावली नाही. "नळी बदला," ती सिस्टरला म्हणाली. मिस्त्रीने मान पलीकडे वळवली. आजवर हे सगळं मला त्यानेच सांगितलं, आणि इथे आला की दरवेळी थांबला. मरणाचं भय वाटलं नाही म्हणे. पोरीला सगळं ठाऊक होतं, याने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो वाचला. मूत्रपिंडं बंद पडली होती, यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागलं. रक्तदाब टिकवायला दिलेल्या औषधांमुळे आणि आजारामुळे उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली. ती कापावी लागली. थोडा उशीर झाला असता तर माणूस गेला असता, असं डॉक्टरीण सुनेला म्हणाली. सून कोपऱ्यात जाऊन रडली. त्या दिवशीच बोलले असते तर बोटंही राहिली असती, हेच धरून बसली होती.

मी घरी भेटायला गेलो. मिस्त्री खुर्चीत होता. पिशवी गुडघ्याखाली दांडीला टांगलेली, मांडीवर शाल नाही. तांब्या भरलेला. सून आली, हात धुतले, पिशवी रिकामी केली. त्याने भिंतीकडे तोंड केलं नाही. पण तिच्याकडे बघायलाही त्याला जमलं नाही. आपल्या पायांकडे बघत बसला.

"दुखतं का?" मी बोटांकडे पाहून विचारलं.

"दुखेल तेवढं बरं," तो म्हणाला.

पहाटे चारला उठून कमावलेल्या पैशांतून त्याला राहतं घर वाढवायचं होतं. एक खोली, तिच्यात सुनेचं मशीन, खिडकीजवळ. ते पैसे अतिदक्षता विभागातल्या पलंगाला गेले, रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला गेले, इंजेक्शनांना गेले. मशीन अजून मधल्या खोलीतच आहे. दिवसाही दिवा लावून ती शिवते.